भागीरथाबाईंची एकोणीस हजार पावलं

“तंत्रज्ञानाला गाव नसतं,” डॉ. देवानंद गावंडे म्हणाले, आणि वाक्य खोलवर जावं म्हणून थोडा वेळ थांबले. “जे बोस्टनमध्ये चालतं ते बंगळुरात चालतं, आणि जे बंगळुरात चालतं ते बडनेऱ्यातही चालतं. मनगट म्हणजे मनगट. परिस्थिती, चालीरीती, कामधंदा हे सगळं जुन्या शास्त्राचं सामान झालं. ते आपण मागे टाकलेलं आहे.”

समोर सतरंजीवर अमरावतीच्या फुलबाजारातली चाळीस माणसं बसली होती. दुसऱ्या रांगेतून एक हात वर आला. त्या हातात कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत हिरव्या बांगड्या होत्या.

“साहेब,” हाताची मालकीण म्हणाली, “हा पट्टा बांगड्याच्या वर बांधाचा का खाली?”

डॉक्टरांनी शेजारी पाहिलं. शेजारी पट्ट्याच्या कंपनीचा माणूस होता, खास बंगळुराहून आलेला. त्याने माहितीपुस्तिका काढली. पुस्तिकेला चौऱ्याऐंशी पानं होती आणि ती अकरा भाषांत होती. पोहताना पट्ट्याचं काय करावं, हे तिच्यात होतं. बर्फावरून घसरताना काय करावं, हेही होतं. बांगडी नव्हती.

“डाव्या मनगटावर बांधायचा,” डॉक्टर म्हणाले.

“डाव्या हातात भरून चुडा हाय ना, उजव्यात दोनच बांगड्या. मधात हे ठोकळं आलं तं काच फुटन.”

“मग उजव्या हातावर बांधा! डावा काय, उजवा काय. मनगट म्हणजे मनगट.”

एकाच भाषणात एक वाक्य दोनदा वापरावं लागलं याचं डॉक्टरांना थोडं वाईट वाटलं. पण प्रश्न निकालात निघाला. त्या दिवशी चाळीसपैकी तेवीस बायकांनी पट्टा उजव्या हातावर बांधला. ही नोंद डॉक्टरांची सहायक गीतांजली वानखडे हिने वहीत केली. वहीत ‘इतर’ नावाचा एक रकाना होता, त्यात केली.

डॉक्टरांचं ‘आरोग्यदीप डिजिटल आरोग्य संशोधन केंद्र’ तीन खोल्यांचं होतं. माणसं दोन, डॉक्टर आणि गीतांजली. तिसऱ्या खोलीत संगणक राहत असे. योजना सरळ होती. फुलबाजारातली चाळीस मधुमेही माणसं घ्यायची. मनगटावरचा पट्टा त्यांची पावलं मोजेल आणि आकडा मोबाइलला सांगेल. मोबाइल मग बाईच्या आवाजात त्यांना म्हणेल, चला, थोडं चालूया का? माणसं चालतील, साखर उतरेल, निबंध छापून येईल. दिवाळीनंतर अकोल्यात निधी देणाऱ्या समितीसमोर तो मांडायचा, की दुसऱ्या टप्प्याला पाच हजार पट्टे मंजूर. मंजूर झाले नाहीत, तर मार्चअखेरीस केंद्राला कुलूप लागणार होतं. डॉक्टर परत कॉलेजात पहिल्या वर्षाला हात कसे धुवावेत ते शिकवायला जाणार होते, आणि गीतांजली कुठे जाणार, हे कोणत्याच कागदावर नव्हतं. केंद्राचं सगळं आयुष्य अकोल्यातल्या त्या वीस मिनिटांवर टांगलेलं होतं.

पहिले पंधरा दिवस नुसतंच मोजायचं, संदेश पाठवायचे नाहीत, असं ठरलं. आधीची स्थिती कळावी म्हणून. तारखा डॉक्टरांनी केंद्राच्या तिमाही अहवालावरून काढल्या. त्या पंधरा दिवसांत पितृपक्ष पडला होता, पण तिमाही अहवालात पितृपक्ष नसतो. सोळाव्या दिवशी सकाळी सहाला पहिला संदेश गेला. तो दिवस घटस्थापनेचा निघाला.

आणि चमत्कार झाला. पंधरा दिवस शेताच्या बांधासारखी आडवी पडलेली पावलांची रेषा संदेश सुटताच उठली, आणि चिखलदऱ्याचा घाट चढावा तशी चढत गेली. साडेतीन हजार. नऊ हजार. बारा हजार. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर एका बाईने एकोणतीस हजार पावलं टाकली. डॉक्टर संगणकासमोर उभे राहूनच जेवले.

“गीतांजली, ही कोण?”

“सतरा नंबर, सर. भागीरथाबाई राऊत. ती बांगड्यांचं विचारणारी. तिची सरासरी एकोणीस हजार आहे.”

“एकोणीस हजार! म्हणजे ही बाई रोज गुरुकुंज मोझरीची जवळजवळ निम्मी वाट चालते!”

“कधी जाते सर? सकाळी मी गेले की ती बसलेलीच दिसते.”

“तू जातेस तेव्हा बसलेली असते. तू नसतेस तेव्हा चालते. निरीक्षणाची हीच तर मर्यादा आहे, म्हणून पट्टा लागतो.”

गीतांजलीने वही मिटली. केंद्रातल्या आठ महिन्यांत तिला एवढं कळलं होतं, की सरांशी वाद घालायचा तर आकडा घेऊन घालावा. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेलं सर धरत नसत.

यादीच्या दुसऱ्या टोकाला जैनुद्दीन शेख होते. बाहेरगावच्या गाड्या आल्या की फुलांची टोपली उतरवून दुकानादुकानांवर पोचवण्याचं काम त्यांचं. त्यांची पावलं दिवसाला नऊशे भरत. डॉक्टरांनी त्यांच्या नावापुढे ‘निष्क्रिय, प्रतिसादशून्य’ असं लिहिलं, आणि त्यांना दिवसातून दोन संदेश जास्त लावून दिले.

अकोल्याच्या समितीचं पत्र आलं. निबंधासोबत एक-दोन लाभार्थीही आणावेत, असं त्यात होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी रंगीत पत्रक छापून पाठवलं. मधोमध भागीरथाबाईंचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘रोज एकोणीस हजार पावलं चालणाऱ्या, वय वर्षं एकसष्ट’.

पत्रक गेल्यावर तीन दिवसांनी गीतांजली रक्ताचे रिपोर्ट घेऊन आली. या वेळी तिच्याकडे आकडा होता.

“सर, सतरा नंबरची साखर उतरली नाही. होती त्यापेक्षा थोडी वरच आहे.”

डॉक्टरांनी रिपोर्ट उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. “प्रसाद,” ते म्हणाले. “नवरात्र झालं ना? चालते भरपूर, आणि वर प्रसाद खाते. मी स्वतः जाऊन समजावतो. त्या जैनुद्दीनभाईंनाही जरा हलवतो.”

फुलबाजार केंद्रापासून सहा मिनिटांवर होता. डॉक्टर त्याला ‘फील्ड’ म्हणत. फील्डमध्ये गीतांजलीने जायचं आणि डॉक्टरांनी तिथून आलेल्या आकड्यांकडे पाहायचं, अशी वाटणी होती. ते धनत्रयोदशीच्या सकाळी साडेसहाला फील्डमध्ये उतरले, आणि उतरल्या उतरल्या त्यांचा बूट शेवंतीच्या देठांच्या चिखलात रुतला.

भागीरथाबाई गोणपाटावर मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात झेंडूचा ढीग होता आणि उजव्या हातात वीतभर सुई. चार फुलं सुईत ओवायची आणि हात खांद्याच्या मागपर्यंत सपकन ओढून फुलं दोऱ्यावर सरकवायची. पुन्हा चार फुलं, पुन्हा सपकन. हात असा चालला होता, की शेजारून जाणाऱ्याने जपून जावं.

“नमस्कार, मावशी. कधीपासून बसलात?”

“चारपासून. या डॉक्टरसाहेब. चंदा, साहेबाले ते क्रेट दे वं बसाले.”

शेजारच्या चंदाने प्लास्टिकचा क्रेट पालथा करून दिला. डॉक्टर त्यावर बसले.

“मधे उठला होता का?”

“उठाले येळ कुठी हाय बापा? आज धनतेरस. एकडाव बसलं का मंग नऊ वाजेपर्यंत बूड हलत नाई.”

डॉक्टर प्रसादाचा विषय काढणार, एवढ्यात झेंडूच्या ढिगाखालून आवाज आला. आवाज पुण्यात ध्वनिमुद्रित केलेला होता, गोड आणि स्वच्छ.

“अभिनंदन, भागीरथाताई! आज आपण दहा हजार पावलं चाललात. अशाच चालत राहा!”

भागीरथाबाईंनी मान वर केली नाही. “बावीस झाले वं चंदा,” त्या म्हणाल्या.

चंदाने दांडीवर टांगलेले हार बोटाने मोजले. “बावीसच हायेत, बाई.”

“काय बावीस?” डॉक्टरांनी विचारलं.

“हार. पुण्याची बाई दहा हजार म्हणली का आपले बावीस हार झाले समजाचं. एकानं चुकत नाई. भल्ली हुशार हाय थे. आधी मी मनात मोजो, अन् गिऱ्हाईक आलं का इसरो. आता काई टेन्शन नाई.”

“मावशी, ती हार मोजत नाही. ती पावलं मोजते.”

“कोनाचे?”

“तुमची!”

तेव्हा कुठे तो हात थांबला. भागीरथाबाईंनी मांडीखालून आपले दोन्ही पाय थोडे बाहेर काढून पाहिले. हे कुणीकडे जाऊन आले की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर होती.

“माहे?” त्या म्हणाल्या. “अन् मी घरून इथवर ऑटोनं येतो थे? दोन साल झाले, गुडघे धरले हायेत माहे. तुमच्याच कागदावर लिवून देल्लं होतं मी.”

डॉक्टरांनी गीतांजलीकडे पाहिलं.

“‘इतर’मध्ये आहे, सर,” गीतांजली म्हणाली.

“पण मग ती रोज अभिनंदन करते, ते तुम्हाला कशाचं वाटलं?”

“हार केल्याचं. दुसरं काय करतो मी? मले वाटलं, सरकारनं लावून देली असन बाई. येवढ्या वर्सांत कोनी म्हणलं नाई, भागीरथे, चांगले झाले हार. आता रोज म्हणते. बरं वाटते बापा.”

डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर चिखलदऱ्याचा घाट उभा राहिला आणि एकेक वळण गळून पडू लागलं. पितृपक्षात हारांना गिऱ्हाईक नाही. नवरात्रात अंबादेवीपासून गल्लीतल्या मंडळापर्यंत जो तो हार मागतो. दसऱ्याला तर गाडीच्या चाकालाही हार लागतो. संदेश गेले नसते तरी रेषा चढणारच होती. पुण्याची बाई एक शब्द बोलली नसती, तरीही.

तेवढ्यात समोरच्या गर्दीतून एक भलं मोठं टोपलं तरंगत आलं. टोपल्याखाली जैनुद्दीनभाई होते. दोन्ही हात वर करून त्यांनी टोपल्याच्या कडा पक्क्या धरल्या होत्या. मानेवरून घामाचे ओघळ चालले होते. ते डॉक्टरांसमोर आले, आणि त्यांच्या खिशातून तोच गोड आवाज म्हणाला:

“जैनुद्दीनदादा, बराच वेळ आपण बसून आहात. चला, उठूया का?”

जैनुद्दीनभाई थांबले. टोपलं खाली ठेवलं नाही, कारण ते परत डोक्यावर कोण देणार?

“सुना, डॉक्टरसाब? डोक्यावर पंचेचाळीस किलो झेंडू हाय, अन् हे मले उठ म्हणून राहिली. पहाटेच्या फजरपासून हा अठरावा फेरा.”

“हात… हात हलत नाहीत तुमचे,” डॉक्टर पुटपुटले.

“हात हलले तर टोपलं तुमच्या अंगावर येईल, साब. बरं, बाजारात बोलते ते ठीक. घरी काय होतं, सांगू? सुरैय्या दर जुम्म्याला मोबाइलमधला माझा रिपोर्ट वाचते. म्हणते, ‘मशीन झूठ बोलेगी क्या? दिनभर बैठे रहते हो, और घर आके पाँव दबवाते हो!’ चोवीस साल झाले लग्नाला. चोवीस सालात बेगमला माझ्यावर शक नव्हता. तुमच्या पट्ट्यानं आणला.”

आजूबाजूचे आठ-दहा लोक हसले. डॉक्टर गावंडे मूळचे नांदगाव खंडेश्वरचे, पण ते गाव त्यांच्या जिभेवर येऊन वीस वर्षं झाली होती. त्या सकाळी ते आलं.

“आता काय सांगू मी अकोल्याले!” ते क्रेटवरून उठत म्हणाले.

केंद्रात परत येईपर्यंत त्यांनी जीभ आणि धीर दोन्ही जागेवर आणले. “घाबरायचं कारण नाही,” ते गीतांजलीला म्हणाले. “निबंधाच्या शेवटी ‘मर्यादा’ नावाचा परिच्छेद असतो. तो अशाच प्रसंगांसाठी असतो. लिही: ‘वापराच्या संदर्भाचा निष्कर्षांवर काही अंशी परिणाम संभवतो.’”

“लिहिलेलंच आहे, सर.”

“केव्हा?”

“तुमच्या आधीच्या नऊ निबंधांतही हीच ओळ आहे. मी सुरुवातीलाच उतरवून ठेवली होती.”

“चांगली ओळ आहे ती.”

“हो सर. फक्त त्या नऊ ठिकाणीही केंद्रातलं कोणी गेलं नव्हतं.”

डॉक्टरांनी समितीचं पत्र पुढे ओढलं. “तू भागीरथाबाईंना फोन लाव. अकोल्याला यायचं आहे, फार काही बोलायचं नाही, एवढं सांगायचं.”

फोन लागला. पलीकडे बाजार चालूच होता.

“येतो ना,” भागीरथाबाई म्हणाल्या. “अकोल्याले माही भाची असते, खुशी. भेटनं होते. पण साहेब, मी चालतो म्हणून सांगनार नाई. हार करतो म्हणून सांगीन.”

“तुम्ही काही सांगूच नका, मावशी. नुसतं बसून राहा.”

“थे तं जमते. पण स्टेजवर जाले चालाच लागन ना? लोकं डोयानं पाह्यतीन का नाई?”

डॉक्टरांनी फोन ठेवला. पत्रक जाऊन आठवडा झाला होता. समितीच्या पाचही माणसांच्या टेबलांवर भागीरथाबाई रोज एकोणीस हजार पावलं चालत होत्या.

आता डॉक्टर खचले असतील, असं कोणाला वाटत असेल, तर त्याने डॉक्टरांना पाहिलेलं नाही. दिवाळीचे चार दिवस त्यांनी दार लावून दुसऱ्यांचे निबंध वाचले. पट्टे, मोबाइल, अंगठ्या, बोलणारे वजनकाटे, यांच्यावरचे चाळीस निबंध. पाडव्यानंतर ते केंद्रात आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज होतं.

“गीतांजली, ती मर्यादेची ओळ वर घे.”

“कुठे, सर?”

“शीर्षकात! चाळीस निबंध पाहिले मी. प्रत्येकात यंत्राला पाटावर बसवलंय, आणि संदर्भ बिचारा दाराशी, जिथे चपला काढतात तिथे उभा. ‘तूही आलास का, बरं झालं’ म्हणून एका ओळीत त्याची बोळवण. कोणी त्याला आत बोलावून विचारलेलंच नाही, की बाबा, तू काय करतोस. आपण विचारायचं. पहिले आपण.”

‘पहिले’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की गीतांजलीला सगळा उलगडा झाला. प्रामाणिकपणाच्या वाटेवर सरांना कोणीतरी पुढे जाताना दिसलं असतं, तर ते कदाचित फिरले असते. वाट मोकळी होती म्हणून निघाले. तिने तक्रार केली नाही. आपण योग्य रस्त्याला लागलो आहोत, एवढं तिला पुरे होतं.

पंधरा दिवसांनी केंद्राची जीप अकोल्याला निघाली. मागे भागीरथाबाई, जैनुद्दीनभाई, दोन टोपल्या झेंडू आणि एक रिकामं टोपलं. मूर्तिजापूरला चहा झाला. डॉक्टर वाटभर भाषण पाठ करत होते, आणि भागीरथाबाई त्यांना मधे मधे “हाव” म्हणत होत्या.

सभागृहात समितीचे पाच जण होते, मागे इतर केंद्रांचे शंभरेक लोक. अध्यक्ष होत्या डॉ. कहकशाँ काझी. तीस वर्षं सरकारी आरोग्यसेवेत काढलेल्या, त्यातली अकरा मेळघाटात, धारणीकडच्या गावांत. लसीचा डबा खांद्याला लावून त्या जिथे पोचल्या होत्या, तिथे अजून पट्टा पोचलेला नव्हता.

मंचाला तीन पायऱ्या होत्या. एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने गीतांजलीचा खांदा धरून भागीरथाबाई त्या चढल्या, प्रत्येक पायरीवर एकदा “माय वं” म्हणून. समितीतल्या एका सदस्यांनी पत्रक उचललं, भागीरथाबाईंकडे पाहिलं, परत पत्रकाकडे पाहिलं.

“रोज एकोणीस हजार… ह्याच का त्या?”

“ह्याच,” डॉक्टर ठणठणीत आवाजात म्हणाले. “पाहा आता.”

भागीरथाबाईंना खुर्ची दिली होती. “खुर्चीत हात बसत नाई,” म्हणून त्या खाली मंचावरच बसल्या. फुलं पुढ्यात घेतली. मागच्या पडद्यावर त्यांच्या पट्ट्याचा आकडा होता, शून्य. सुई चालू झाली. सपकन, सपकन. पडदा म्हणाला सोळा, चाळीस, ब्याण्णव. बाई जागच्या हलल्या नव्हत्या.

दुसऱ्या पडद्यावर जैनुद्दीनभाईंचा आकडा. गीतांजलीने रिकाम्या टोपल्यात समितीचेच जाडजूड अहवाल भरून दिले होते. ते डोक्यावर घेऊन जैनुद्दीनभाईंनी सभागृहाला फेऱ्या सुरू केल्या. चौथ्या फेरीला त्यांचा आकडा अकरा होता. सातव्या फेरीला ते अध्यक्षांच्या टेबलापाशी आले, आणि ध्वनिक्षेपकाला जोडलेल्या मोबाइलमधून पुण्याची बाई सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी म्हणाली, “जैनुद्दीनदादा, बराच वेळ आपण बसून आहात. चला, उठूया का?”

सभागृह फुटलं. मागच्या रांगेतला एक गृहस्थ तर डोळे पुसत होता. त्याच्याही केंद्राने असेच पट्टे वाटले होते, वीटभट्टीवर.

“मॅडम,” जैनुद्दीनभाई टोपल्याखालून अध्यक्षांना म्हणाले, “मी चाललो, एवढं तुमच्या सहीनं लिहून द्या. घर में दिखाना है.”

कहकशाँ मॅडमनी खरंच कागद ओढून चार ओळी लिहिल्या आणि शिक्का मारून दिला. समितीने त्या दिवशी दिलेलं ते पहिलं प्रमाणपत्र.

“पट्टा मोजतो ते खोटं नसतं,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आता चढणीला लागला होता. “पण तो काय मोजतो आहे, हे पट्ट्याला माहीत नसतं. ते बाजारात जाऊन विचारावं लागतं. मी गेलो नाही. सहा मिनिटांवर होता, तरी गेलो नाही. माझी चढती रेषा नवरात्राची होती, माझ्या संदेशांची नव्हती.”

“म्हणजे तुमचा प्रयोग फसला,” पत्रकवाले सदस्य म्हणाले.

“शंभर टक्के!” डॉक्टर म्हणाले. “इतका स्वच्छ फसलेला प्रयोग वऱ्हाडात झालेला नाही. फसतात सगळ्यांचे. माझा का फसला, याचा पुरावा माझ्याजवळ आहे, आणि तो स्वतः जीपमधे बसून आलेला आहे.”

कहकशाँ मॅडम त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. त्या भागीरथाबाईंकडे पाहत होत्या.

“बाई, या पट्ट्याचा तुम्हाला काही फायदा झाला?”

“झाला ना. हार मोजाले.”

“आणि साखरेला?”

“साखरेचं मले कोनी इचारलंच नाई,” भागीरथाबाई सुई न थांबवता म्हणाल्या. “पावलाचंच इचारत होते सारे. मी सकाई चारले बसतो, नऊले पोटात काई जाते. कधी कच्चा चिवडा, कधी नुसता चहा. गोळी उपाशीपोटी घेऊ का जेवून घेऊ, हे इचाराचं होतं मले. पण थे बाई आपलीच बोलते, आपलं ऐकत नाई.”

गीतांजलीने वही उघडली. ‘इतर’चा रकाना तिने बाजूला ठेवला आणि कोऱ्या पानावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, तो प्रश्न लिहिला. डॉक्टरांनी ते पाहिलं. पाठ केलेल्या भाषणाची अजून दीड पानं शिल्लक होती. ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही हे सांगून खरं वाटलं नसतं.

पाच जणांनी पाच मिनिटं डोकी एकत्र केली. गीतांजलीने ती पाच मिनिटं मंचाच्या कडेला उभी राहून काढली. मग कहकशाँ मॅडमनी माइक जवळ ओढला.

“पाच हजार पट्टे मिळणार नाहीत.”

डॉक्टरांनी कठडा धरला.

“पन्नास मिळतील. आणि एक वर्ष मिळेल, तुम्हाला आणि तुमच्या सहायकांना. पहिले चार महिने पट्टे पेटीत राहतील आणि तुम्ही बाजारात. माणसं काय करतात, केव्हा खातात, हात कशाला हलवतात, ते आधी लिहून आणा. पट्टा नंतर. गोळीचं मात्र आज, इथून उतरायच्या आधी सांगा त्यांना.”

टाळ्या पडल्या. गीतांजलीने वहीत ‘एक वर्ष’ असं लिहून खाली दोनदा रेघ मारली. डॉक्टर मंचाच्या मध्यभागी आले. आजचा दिवस डिजिटल आरोग्याच्या इतिहासात कुठल्या अक्षरांनी लिहिला जाईल, हे ते सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दारातून एक माणूस धावत आला, अध्यक्षांच्या कानाला लागला, आणि मॅडमनी हात वर केला.

“डॉक्टर गावंडे, एक शेवटचं.”

डॉक्टरांनी लगबगीने पेन काढलं. पद्धतीविषयीचा प्रश्न असणार, असं त्यांना वाटलं.

“पुढच्या सत्राचे पाहुणे खाली गाडीतून उतरलेत,” कहकशाँ मॅडम माइकवर हात ठेवून म्हणाल्या, “आणि आमचा माणूस हार आणायला विसरलाय. भागीरथाबाई, तेवढा तो झाला असेल तर गाठ मारून देता का?”